२ डिसेंबर : एका तारखेवर इतका इतिहास कसा जमा होतो?

प्रश्न असा आहे : नेपोलियनचा राज्याभिषेक (१८०४), ऑस्टरलिट्झची लढाई (१८०५), अमेरिकेचे अध्यक्ष मन्रो यांची धोरणघोषणा (१८२३), ऑस्ट्रियाच्या गादीवर फ्रान्झ योसेफचे आरोहण (१८४८), फ्रान्समधला लुई नेपोलियनचा सत्तापालट (१८५१), जॉन ब्राउन यांची फाशी (१८५९), शिकागोतील अणुविखंडनाची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया (१९४२) आणि भोपाळची वायुगळती (१९८४) या साऱ्या घटना २ डिसेंबरच्या म्हणून सांगितल्या जातात. हा निव्वळ योगायोग मानायचा का, आणि अशी यादी करताना एखादी घटना त्या तारखेची आहे की नाही हे कसे ठरवायचे?

दिनविशेष लिहिण्याचे काम मी बावीस वर्षे करतो आहे आणि असा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या तारखेबद्दल माझ्याकडे येतो. या वेळी तो २ डिसेंबरबद्दल आला याचा मला मनापासून आनंद आहे, कारण घटना एकाच तारखेवर किती वेगवेगळ्या वाटांनी येऊन पोहोचतात हे दाखवायला याहून चांगली तारीख मला माहीत नाही. थोडक्यात उत्तर द्यायचे तर, वरच्या यादीतील बहुतेक घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. फ्रान्सच्या घटनांमध्ये मात्र तो आहे, आणि तो माणसांनी जाणूनबुजून जोडलेला आहे. माझ्या टिपणवहीत प्रत्येक नोंदीसमोर ठिकाण, साधन आणि कालगणना यांच्या जोडीला आणखी एक रकाना असतो, ‘तारीख कोणी ठरवली?’ पुढचे सारे विवेचन त्या एका रकान्याचे आहे.

आधी साधा हिशोब करू. जगाच्या इतिहासातील ५,००० ठळक घटनांची तारखेनिशी यादी केली आणि ती ३६५ दिवसांवर वाटली, तर प्रत्येक तारखेच्या वाट्याला सरासरी १३ ते १४ घटना येतात. तेव्हा एका तारखेवर आठ मोठ्या घटना सापडल्या यात नवल काही नाही. एखादी तारीख रिकामी निघाली तर ते खरे नवल ठरेल. शिवाय आपण तारीख आधी पकडतो आणि मग तिच्या घटना शोधतो, आणि शोधताना ज्यांची जुळणी मनाला भावते त्याच लक्षात राहतात. १८१४ साली फ्रेंच लेखक मार्की द साद याच दिवशी वारला आणि १९८८ साली बेनझीर भुट्टो यांनी याच दिवशी पाकिस्तानच्या पंतप्रधानपदाची शपथ घेतली. पण या दोन घटना एका सूत्रात ओवाव्यात असे कोणाच्या मनातही येत नाही. म्हणून योगायोग हे माझे पहिले गृहीतक असते, आणि संबंध आहे असे म्हणायचे असेल तर त्याचा पुरावा नोंद करणाऱ्याने शोधायचा असतो.

फ्रान्सच्या साखळीत तो पुरावा मिळतो. साखळीची पहिली कडी मात्र कोणी हौसेने निवडलेली नव्हती, ही गोष्ट बहुतेक याद्यांमधून निसटते. नेपोलियनला सम्राट म्हणून घोषित केले ते १८ मे १८०४ रोजी. राज्याभिषेकासाठी सुरुवातीला फ्रान्सच्या क्रांतिकालीन पंचांगातील १८ ब्र्यूमेर, म्हणजे ९ नोव्हेंबर, या दिवसाचा विचार होता, कारण १७९९ साली त्याच दिवशी त्याने सत्ता हाती घेतली होती. पण सातवे पायस हे पोप नोव्हेंबरच्या आरंभी रोमहून निघाले, ते महिना संपत येताना फाँतेनब्लोला पोहोचले, आणि समारंभ २ डिसेंबरच्या रविवारी पॅरिसच्या नोत्र दाममध्ये पार पडला. पुढे अर्धे शतक ज्या तारखेचा उदो उदो झाला ती मुळात अशी हुकलेल्या मुहूर्ताची तारीख होती.

बरोबर एका वर्षाने, मोराव्हियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) ऑस्टरलिट्झजवळ, सुमारे ७३,००० फ्रेंच सैनिक आणि सुमारे ८५,००० रशियन व ऑस्ट्रियन सैनिक समोरासमोर उभे राहिले. नेपोलियनने वर्धापनदिनाचा मुहूर्त साधून लढाई दिली असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते, आणि ते अर्धेच खरे आहे. प्रात्झेनचे मोक्याचे पठार मोकळे सोडून, आपण कमकुवत आहोत असा आभास निर्माण करून, शत्रूला हल्ल्याला उद्युक्त करण्याचे काम त्याने केले; पण २ डिसेंबरच्या पहाटे हल्ला चढवायचा हा निर्णय शत्रूच्या छावणीत झाला. नेपोलियनचा सेनापती दाव्हू याच्या तुकड्या व्हिएन्नाकडून दोन दिवसांत शंभर किलोमीटरहून अधिक मजल मारून नेमक्या वेळी पोहोचल्या, याला मुहूर्ताचे कारण नव्हते, त्या पावलांचे श्रेय होते. तरीही तारखेची जाणीव छावणीत पुरती होती. आदल्या रात्री नेपोलियन सैनिकांमधून फेरी मारत असताना त्यांनी अंथरुणाच्या गवताच्या पेंढ्या पेटवून उंच धरल्या आणि सम्राटाचा जयजयकार केला. उद्या राज्याभिषेकाला वर्ष होते हे त्या शिपायांना ठाऊक होते. सकाळी धुके विरले, सूर्य वर आला आणि संध्याकाळपर्यंत दोन सम्राटांचे सैन्य मोडले होते. त्याच महिन्याच्या २६ तारखेला प्रेसबर्गचा तह झाला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पवित्र रोमन साम्राज्य विसर्जित झाले. म्हणजे १८०५ च्या नोंदीपुढे मी ‘तारीख शत्रूने ठरवली, अर्थ विजेत्याने दिला’ असे लिहून ठेवले आहे.

हा अर्थ किती खोल रुजला याचे एक उदाहरण आजही पाहायला मिळते. फ्रान्सच्या सँ-सीर या लष्करी विद्यालयात ऑक्टोबरपासून जुलैपर्यंतच्या दहा महिन्यांना ऑस्टरलिट्झ या शब्दाच्या रोमन लिपीतील दहा अक्षरांची नावे आहेत. पहिले अक्षर ऑक्टोबरचे, दुसरे नोव्हेंबरचे आणि तिसरे, ‘एस’, डिसेंबरचे. तेथील छात्रांसाठी २ डिसेंबर म्हणजे ‘२ एस’, आणि त्या निमित्ताने ते लढाईचा देखावा उभा करतात.

आता १८५१. नेपोलियनचा पुतण्या लुई नेपोलियन डिसेंबर १८४८ च्या निवडणुकीत फ्रान्सचा अध्यक्ष झाला होता. मुदत चार वर्षांची होती आणि लगेच पुन्हा निवडून येण्यास घटनेची मनाई होती. ही मनाई उठवण्यासाठी विधिमंडळात तीन चतुर्थांश मते हवी होती, ती जुलै १८५१ मध्ये मिळाली नाहीत. त्यानंतर सत्ता बळकावण्याचा बेत शिजू लागला, एकदोनदा पुढे ढकलला गेला, आणि अखेर २ डिसेंबर हा दिवस मुक्रर झाला. येथे तारीख हत्यारासारखी वापरलेली आहे : राज्याभिषेकाचा आणि ऑस्टरलिट्झचा दिवस म्हटला की काकाचे नाव उच्चारायचीही गरज उरत नव्हती. बेताच्या कागदांच्या पुडक्यावर ‘रुबिकॉन’ हा एकच शब्द होता; जी ओलांडल्यावर सीझरला माघार उरली नाही त्या नदीचे हे नाव. १ डिसेंबरच्या संध्याकाळी एलिझे प्रासादात नेहमीप्रमाणे मेजवानी झाली, पाहुणे हसतबोलत घरी गेले, आणि रात्री सरकारी छापखान्याला पोलिसांचा वेढा पडला.

त्या छापखान्यातले दृश्य मला या सगळ्या कथेत सर्वांत बोलके वाटते. पहाटेपर्यंत भिंतींवर चिकटवायचे जाहीरनामे छापून व्हायचे होते, पण जुळाऱ्यांना मजकूर कळता तर बातमी फुटली असती. म्हणून हस्तलिखिताचे बारीक बारीक तुकडे करण्यात आले आणि प्रत्येक जुळाऱ्याला एखाददुसरी ओळच खिळे जुळवायला दिली गेली. वाक्य कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे कोणालाच कळू नये अशी ही व्यवस्था होती. उजाडेपर्यंत विधिमंडळ बरखास्त झाल्याचे फलक पॅरिसच्या भिंतींवर होते, आणि तिएर यांच्यासारखे नेते अंथरुणातून उठवून कैद केले गेले होते. ४ डिसेंबरला पॅरिसच्या बुलेव्हारवर, म्हणजे रुंद हमरस्त्यांवर, गोळीबार झाला, शेकडो माणसे मेली. महिनाअखेरीच्या सार्वमतात सुमारे ७४ लाख मते बाजूने पडली. पुढच्या वर्षी साम्राज्याच्या पुनःस्थापनेवर पुन्हा सार्वमत घेतले गेले, ते नोव्हेंबरमध्ये. घोषणा मात्र २ डिसेंबर १८५२ लाच झाली आणि लुई नेपोलियन तिसरा नेपोलियन झाला. या दोन नोंदींपुढचा रकाना भरताना क्षणभरही थांबावे लागत नाही.

अशी हेतूने निवडलेली तारीख ओळखण्याची माझी एक कसोटी आहे : काम आधी तयार होते आणि ते तारखेसाठी थांबवून धरले होते का, हे पाहायचे. भारताचे संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले आणि त्यातील बहुतेक तरतुदींचा अंमल दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० पासून सुरू झाला, कारण १९३० साली २६ जानेवारीला पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती. मधले ते दोन महिने म्हणजेच पुरावा. १५ ऑगस्ट १९४७ या दिवसाच्या निवडीत जपानच्या शरणागतीचा दुसरा वर्धापनदिन माउंटबॅटन यांच्या मनात होता, हेही त्यांनी स्वतः सांगितलेले आहे.

तारखेची आठवण केवळ समारंभापुरती राहत नाही, ती माणसांना एका ठिकाणी गोळा करते, आणि त्यातून पुढची घटना जन्म घेते, हे जर्मनीच्या ९ नोव्हेंबरवरून दिसते. १९२३ साली म्युनिकमध्ये हिटलरचा उठाव ९ नोव्हेंबरला गोळीबारात मोडला. १९३३ पासून नाझी पक्ष त्या मृतांचा स्मरणदिन दरवर्षी तेथेच पाळू लागला. १९३८ साली पॅरिसमध्ये गोळी लागलेला जर्मन राजनैतिक अधिकारी फॉम राट ९ नोव्हेंबरलाच मरण पावला, आणि बातमी आली तेव्हा पक्षाचे देशभरातले पुढारी स्मरणदिनासाठी म्युनिकच्या जुन्या नगरभवनात जमलेले होते. गोबेल्सने तेथे भाषण केले आणि त्या पुढाऱ्यांनी तेथूनच आपापल्या जिल्ह्यांत दूरध्वनी लावले. त्या रात्री सिनेगॉग जळले आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुष छळछावण्यांत गेले. फॉम राटचा मृत्यू त्या दिवशी होणे हा योगायोग होता, पण सारे पुढारी एका छताखाली असणे हा योगायोग नव्हता. पुढच्याच वर्षी गिओर्ग एल्झर या सुताराने याच शिस्तीचा उलटा उपयोग केला. हिटलर दरवर्षी ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी म्युनिकच्या ज्या बिअरहॉलमधून १९२३ चा उठाव सुरू झाला तेथे बोलतो हे जाणून त्याने व्यासपीठामागच्या खांबात, रात्रीमागून रात्री पोखरून, बॉम्ब बसवला. हिटलर त्या दिवशी स्फोटाच्या १३ मिनिटे आधी निघून गेला. आणि १९८९ साली बर्लिनची भिंत उघडली ती कोणा स्मरणदिनामुळे नव्हे, तर पूर्व जर्मनीचे पक्षनेते शाबोव्हस्की यांनी पत्रकार परिषदेत, नवे प्रवासनियम केव्हापासून लागू, या प्रश्नाला ‘तत्काळ’ असे उत्तर दिल्यामुळे; ते नियम खरे तर दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायचे होते. एकाच तारखेवर कार्यकारण आणि योगायोग असे शेजारी शेजारी बसलेले असतात, म्हणून संपूर्ण तारखेला एकच शेरा देता येत नाही.

पुन्हा २ डिसेंबरकडे वळू. तारीख माणसाने निवडली नाही आणि ती निव्वळ योगायोगानेही आली नाही, असा एक मधला वर्ग आहे. तेथे तारीख नियमाने ठरते. मन्रो यांचे उदाहरण घ्या. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार काँग्रेसचे अधिवेशन डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी भरत असे. १८२३ साली तो सोमवार १ डिसेंबरला होता, म्हणून अध्यक्षांचा वार्षिक संदेश मंगळवारी, २ तारखेला, काँग्रेसपुढे गेला. त्या काळच्या अध्यक्षांचे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातले इतके संदेश का सापडतात, याचे उत्तर त्या एका कलमात आहे. १९३३ च्या विसाव्या घटनादुरुस्तीने अधिवेशनाची तारीख ३ जानेवारी केल्यावर हे संदेशही जानेवारीकडे सरकले. येथे नोंदीच्या क्रियापदाकडेही लक्ष द्यावे लागते. ‘मन्रो यांनी भाषण केले’ असे सर्रास छापले जाते, पण तेव्हा अध्यक्ष संदेश लेखी पाठवत आणि तो सभागृहात वाचून दाखवला जाई. अमेरिका खंडांत युरोपीय सत्तांनी नव्या वसाहती करू नयेत हा विचार त्या लांबलचक संदेशाच्या काही परिच्छेदांत होता, आणि त्याला मन्रो सिद्धान्त हे नाव पुष्कळ वर्षांनी मिळाले. म्हणून ‘२ डिसेंबर १८२३ रोजी मन्रो सिद्धान्त जाहीर झाला’ हे वाक्य मी ‘ज्या संदेशातील विचार पुढे मन्रो सिद्धान्त म्हणून ओळखले गेले तो संदेश काँग्रेसला सादर झाला’ असे लिहितो. वाक्य लांबते, पण खरे राहते.

जॉन ब्राउन यांच्या फाशीची तारीखही नियमानेच आली. गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव व्हावा म्हणून त्यांनी ऑक्टोबर १८५९ मध्ये हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला, पकडले गेले, आणि २ नोव्हेंबरला त्यांना शिक्षा सुनावण्यात आली. व्हर्जिनियाच्या कायद्याप्रमाणे शिक्षा आणि अंमलबजावणी यांमध्ये एक महिना जाणे आवश्यक होते. म्हणून २ डिसेंबर. या नोंदीपाशी एक सापळा आहे, आणि पहिल्या काही वर्षांत मी स्वतः त्यात सापडलो होतो. संयुक्त राष्ट्रांचा गुलामगिरी निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिन २ डिसेंबरलाच असतो. दोन्ही गोष्टी शेजारी आल्या की तो दिवस ब्राउन यांच्या स्मरणार्थ पाळला जातो असे वाटून जाते, आणि मी तसे छापलेही. वस्तुस्थिती अशी की मानवी व्यापाराविरुद्धचा करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २ डिसेंबर १९४९ रोजी संमत केला, त्याचा तो दिवस आहे; ब्राउन यांचा त्यात कुठेही उल्लेख नाही. विषय सारखा, तारीख सारखी आणि तरीही संबंध शून्य, असे होऊ शकते, हे मी त्या चुकीतून शिकलो. तेव्हापासून दोन घटना जोडणारे ‘म्हणूनच’ हे पद माझ्या नोंदीत पुराव्याशिवाय येत नाही.

ओलोमोउत्स या गावी झालेल्या फ्रान्झ योसेफच्या आरोहणालाही हीच सावधगिरी लागते. १८४८ च्या क्रांतीने व्हिएन्ना सोडावे लागलेल्या ऑस्ट्रियन दरबाराने तेथील आर्चबिशपच्या वाड्यात २ डिसेंबरला पहिल्या फर्डिनांडला पदत्याग करायला लावला आणि १८ वर्षांच्या फ्रान्झ योसेफला गादीवर बसवले. तो पुढे जवळजवळ ६८ वर्षे राज्य करून १९१६ मध्ये वारला. ओलोमोउत्सही मोराव्हियात आणि ऑस्टरलिट्झही मोराव्हियात, हे पाहून लेखकांना मोह होतो. पण आपल्या घराण्याच्या सर्वांत मोठ्या पराभवाचा दिवस कोणता राजा मुहूर्त म्हणून निवडील? घाई होती ती नव्या पंतप्रधानाला, श्वार्झेनबर्गला, आणि ती क्रांतीने दिलेली वचने न बांधलेला सम्राट मिळावा म्हणून होती.

तारीख ठरवणारा आणखी एक घटक आहे, तो म्हणजे कामाचा स्वतःचा वेग. शिकागो विद्यापीठातील अणुभट्टी आधी शहराबाहेर आर्गॉनच्या जंगलात उभारायची होती. तेथील बांधकाम कामगारांच्या संपामुळे अडले, म्हणून एन्रिको फर्मी यांनी ती विद्यापीठाच्या मैदानाच्या प्रेक्षागॅलरीखालच्या स्क्वॉश खेळण्याच्या खोलीतच रचायला घेतली. नोव्हेंबरच्या मध्यापासून ग्रॅफाइटच्या ठोकळ्यांचे थर एकावर एक चढू लागले. ५७ वा थर १ डिसेंबरच्या रात्री पूर्ण झाला तेव्हा पाळीवर हर्बर्ट अँडरसन होते, आणि आता नियंत्रक दांडे बाहेर काढले की साखळी सुरू होणार हे त्यांना मोजमापावरून दिसत होते. मोह होता, संधी होती, पण तसे करणार नाही असे वचन फर्मी यांनी त्यांच्याकडून आधीच घेऊन ठेवले होते. त्यांनी दांडे कुलूपबंद केले आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोग सुरू झाला, मध्येच एक सुरक्षा दांडा आपोआप खाली आला, फर्मी यांनी सर्वांना जेवायला पाठवले, आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास साखळी स्वतःच्या बळावर चालू राहिली; निर्माण झालेली शक्ती अवघी अर्धा वॅट होती. हा दिवस १ डिसेंबरही झाला असता. तो २ झाला तो एका माणसाने पाळलेल्या शब्दामुळे, आणि ही हकीकत मला कोणत्याही गूढ जुळणीपेक्षा अधिक मोलाची वाटते.

काही वेळा ठरवलेली तारीख हुकते आणि हुकलेलीच अमर होते. १९५६ साली फिडेल कॅस्ट्रो ८१ साथीदारांना घेऊन ग्रान्मा या नौकेतून मेक्सिकोहून क्यूबाकडे निघाले, तेव्हा किनाऱ्याला लागण्याचा दिवस ३० नोव्हेंबर ठरला होता, कारण त्याच दिवशी सांतियागोत उठाव व्हायचा होता. उठाव ठरल्याप्रमाणे झाला आणि चिरडला गेला. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त भार घेतलेली नौका दोन दिवस उशिरा, २ डिसेंबरला, दलदलीच्या किनाऱ्यावर रुतली. तोच दिवस पुढे क्यूबाच्या सैन्याचा दिन झाला, आणि बरोबर २० वर्षांनी, २ डिसेंबर १९७६ रोजी, नव्या राष्ट्रीय सभेची स्थापना करण्यात आली. १८०४ च्या पॅरिसमध्ये जे घडले तेच येथे : अपघाताने आलेली तारीख, मग पवित्र झालेली तारीख, मग मुद्दाम निवडलेली तारीख.

उरलेल्या नोंदी लवकर आटोपतात. ब्रिटनचे आखातातील संरक्षण करार १ डिसेंबर १९७१ रोजी संपले, म्हणून सहा अमिरातींचा संघ दुसऱ्या दिवशी स्थापन झाला. सातवी, रास अल खैमा, फेब्रुवारी १९७२ मध्ये आली, तेव्हा ‘सात अमिरातींनी २ डिसेंबरला संघ स्थापला’ हे चूक आहे. १९५४ साली अमेरिकन सेनेटने आपलेच सदस्य जोसेफ मॅकार्थी यांच्यावर ६७ विरुद्ध २२ मतांनी ठपका ठेवला, त्यातही तारखेला काही विशेष अर्थ नाही.

यापुढचा भाग कालगणनेचा आहे आणि याद्यांमधील बहुतेक खऱ्या चुका येथेच होतात. स्पेनचा सरदार कोर्तेस २ डिसेंबर १५४७ रोजी वारला आणि लंडनचे नवे सेंट पॉल कॅथीड्रल २ डिसेंबर १६९७ रोजी उपासनेसाठी खुले झाले, या दोन्ही तारखा छापील साधनांत बरोबर आहेत, पण दोन्ही ज्यूलियन, म्हणजे आजच्या ग्रेगोरियन पंचांगाआधीच्या जुन्या पंचांगातल्या, आहेत. कोर्तेसच्या वेळी ग्रेगोरियन पंचांग अस्तित्वातच नव्हते. १६९७ मध्ये ते फ्रान्समध्ये रूढ होते पण इंग्लंडने ते १७५२ पर्यंत स्वीकारले नाही; त्यामुळे लंडनमध्ये घंटा वाजल्या तो दिवस पॅरिसमध्ये १२ डिसेंबर होता. ऑस्टरलिट्झची लढाईही रशियन कागदपत्रांत २० नोव्हेंबर १८०५ ची आहे. उलट फ्रान्सच्या क्रांतिकालीन पंचांगाने तपासले तर राज्याभिषेक ११ फ्रिमेर वर्ष १३ आणि लढाई ११ फ्रिमेर वर्ष १४, म्हणजे त्या मोजणीतही वर्धापनदिन अचूक जुळतो. अशी दुहेरी जुळणी सापडली की मन स्वस्थ होते.

मराठी वाचकांच्या परिचयाचे उदाहरण ६ जूनचे आहे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, शनिवार या दिवशी झाला. ६ जून १६७४ ही त्याची ज्यूलियन तारीख आहे, जी तेव्हा इंग्रज वापरत आणि जी रायगडावर आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या वृत्तान्ताशी जुळते. ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १६ जून येतो. म्हणून राज्याभिषेक आणि १९४४ चे नॉर्मंडीवरील अवतरण ‘एकाच दिवशी’ असे लिहिताना आपण दोन वेगळ्या पंचांगांतले आकडे शेजारी ठेवत असतो. रूढ तारीख बदलावी असे मी म्हणत नाही; नोंदीत कंसात ‘ज्यूलियन’ एवढा शब्द असावा, आणि मिती व वार शक्य तेथे द्यावेत. वार हा उत्तम साक्षीदार असतो, कारण पंचांग बदलले तरी वारांची माळ तुटलेली नाही.

घड्याळाचा प्रश्न याचाच धाकटा भाऊ आहे. शिकागोत २ डिसेंबरची दुपार होती तेव्हा टोकियोत ३ तारखेची पहाट झाली होती. नियम साधा आहे : घटना जेथे घडली तेथल्या घड्याळाची तारीख धरायची. पण भोपाळच्या बाबतीत हा नियमही पुरत नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ई-६१० या टाकीत, जिच्यात सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट होते, पाणी शिरले ते २ डिसेंबर १९८४ च्या रात्री उशिरा. तापमान व दाब वाढत गेले आणि वायूचा लोट बाहेर पडला तो मध्यरात्र उलटल्यावर. कारण २ तारखेचे, मृत्यू ३ तारखेचे. भारतात राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन २ डिसेंबरला पाळतात आणि मृतांचे स्मरण ३ डिसेंबरला होते. या नोंदीत एक तारीख निवडून दुसरी खोडायची म्हणजे झोपेत गुदमरलेल्या माणसांची रात्र मधोमध कापण्यासारखे आहे. मी ती नेहमी ‘२ आणि ३ डिसेंबरच्या मधली रात्र’ अशी लिहितो, जागा कमी पडली तरी, आणि जो कोणी ही यादी पुढे चालवणार असेल त्यानेही ती तशीच लिहावी अशी माझी विनंती आहे.

छापताना मी १८०४, १८०५, १८५१ आणि १८५२ या चार ओळी वेगवेगळ्या देत नाही. त्या एका नोंदीत, क्रमाने, ‘हा दिवस साधून’ हे शब्द फक्त शेवटच्या दोघींना लावून देतो. बाकीच्या घटना ज्या त्या स्वतंत्र ओळीत, मध्ये कोणतेही उभयान्वयी अव्यय न घालता.